दाह कमी करणारे ताट : सोलापूरच्या घरातला एक आठवडा

शरीरातला दाह दोन तऱ्हांचा असतो. बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. ही चार लक्षणे पहिल्या शतकात रोममधल्या सेल्ससने नोंदवून ठेवली आणि वैद्यकात ती आजही शिकवली जातात. हा दाह कामाचा असतो. पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात, जंतूंचा निकाल लावतात, जखम भरू लागते आणि काही दिवसांत सारे निवळते. दुसरा दाह डोळ्यांना दिसत नाही, बहुतेकदा दुखतही नाही आणि आपसूक निवळतही नाही. पोटाच्या पोकळीत साठलेली चरबी, तंबाखू, अपुरी झोप, हिरड्यांचा जुनाट आजार, बैठे काम आणि रोजचे चुकीचे खाणे यांमुळे तो वर्षानुवर्षे मंद धुमसत राहतो. रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होणे, इन्सुलिनला शरीराने दाद न देणे, यकृतात चरबी साठणे या सगळ्यांत त्याचा वाटा असतो. आहाराने ज्या दाहावर काही परिणाम करता येतो, तो हा दुसरा.

रक्तात तो मोजण्याची सर्वांत रुळलेली खूण म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडले. हे प्रथिन यकृतात तयार होते. जंतुसंसर्गात त्याची पातळी लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्याही वर जाते. मंद दाहात ती इतकी कमी असते की त्यासाठी वेगळी, अधिक संवेदनशील चाचणी करावी लागते. त्या चाचणीत लिटरमागे 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी आकडा असेल तर हृदयविकाराच्या दृष्टीने धोका कमी, 1 ते 3 मध्यम आणि 3 च्या वर जास्त धरला जातो. सर्दी-तापात ही चाचणी करून उपयोग नाही. आहार बदलण्यासाठीही तिची वाट पाहायची गरज नाही. घरात शिवणकामाची टेप असतेच. भारतीय पुरुषांत कंबरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या वर गेला असेल तर पोटातली चरबी वाढली आहे, असे समजावे.

भारतीयांसाठी हा घेर इतका कमी का ठेवला आहे, याचा उलगडा पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून होतो. ‘लॅन्सेट’मध्ये 2004 साली दोन शास्त्रज्ञांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. एक ब्रिटनचे जॉन युडकिन आणि दुसरे स्वतः याज्ञिक. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटातही चरबी दडलेली असू शकते. ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून दाह वाढवणारी रसायने पाझरतात आणि ती थेट यकृतात पोचतात. म्हणून ‘आमच्याकडे कुणी जाड नाही’ एवढ्यावर कुठल्याही घराने निर्धास्त राहू नये.

आहार या दाहावर काम करतो तो कोणत्याही एका पदार्थाने नव्हे, तर रोजच्या ताटाच्या एकूण रचनेने. या बाबतीत सर्वाधिक अभ्यास झाला तो भूमध्य समुद्राकाठच्या जेवणाचा. भरपूर भाज्या, कडधान्ये, अख्खी धान्ये, फळे, तेलबिया, मासे, आणि मांस-मिठाई क्वचित, असा तो बेत. त्याची नक्कल करायला सोलापुरात ऑलिव्ह तेल आणि ब्रोकोली शोधत फिरण्याचे काहीच कारण नाही. त्या बेतातली जवळजवळ प्रत्येक जागा भरून काढणारी वस्तू भीमा-सीनेच्या खोऱ्यात पिकते. कमी पावसाच्या या जिल्ह्यात जे तग धरते तेच इथल्या ताटात आले: ज्वारी, तूर, मटकी, हुलगा, करडई, जवस, कारळे, शेंगा आणि रानभाज्या. हे ताट नव्याने शोधायचे नाही, फक्त त्यात अलीकडे शिरलेला मैदा, साखर आणि तेल मागे हटवायचे आहे.

ज्वारीबद्दल नेमके बोलायला हवे, कारण तिच्याविषयी हल्ली फार बोलले जाते. मालदांडी हा इथल्या रब्बी ज्वारीचा सर्वांत नावाजलेला वाण. त्याची ‘एम 35-1’ ही निवड मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात झाली आणि ती अजून शेतात टिकून आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीतल्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात; तेवढ्याच पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनच्याही आत. पण चक्कीवर दळलेल्या, न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही 11 ग्रॅम तंतू असतात, हे विसरून चालणार नाही. ज्याला गव्हाचा विशिष्ट आजार नाही त्याने पोळीला शत्रू मानू नये. ज्वारीतल्या दाहशामक रंगद्रव्यांची जी वर्णने वाचायला मिळतात, ती बहुतांशी लाल आणि गडद दाण्यांच्या जातींची आहेत. मालदांडीचा मोत्यासारखा पांढरा दाणा त्यात कमीच भरतो. मालदांडीचे बळ तिच्या तंतूंत आहे आणि ती भाजी-डाळीसोबतच खाल्ली जाते, यात आहे.

तंतूंचे काम मोठ्या आतड्यात चालते. माणसाच्या पाचकरसांना ते पचत नाहीत. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी मेदाम्ले तयार होतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी याच ब्युटिरेटवर जगतात. अस्तर धड असले की जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपत नाहीत आणि ते झिरपले नाहीत की प्रतिकारशक्तीला उगाच खडबडून जागे व्हावे लागत नाही. दिवसाला साधारण 2000 कॅलरी खाणाऱ्याला सुमारे 30 ग्रॅम तंतू हवेत. साठ-सत्तर ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी आणि वाटीभर उसळ एवढ्यानेच त्याच्या अर्ध्याहून अधिक मजल गाठली जाते. मात्र ज्या घरात तंतूंची सवय उरलेली नाही, त्या घराने हा बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावा. एकदम केला तर पोट फुगते आणि बेत तिथेच मोडतो.

आठवड्याचा बेत ताटापासून नव्हे, पिशवीपासून सुरू होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या आहारासाठी रोज 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 300 मिलिलिटर दूध किंवा दही, 35 ग्रॅम दाणे-तेलबिया आणि 27 ग्रॅम तेल असे प्रमाण धरले आहे. हे आकडे एका माणसाच्या एका दिवसाचे असल्यामुळे वाचून विसरले जातात. चार मोठ्या माणसांच्या घरासाठी सात दिवसांचा हिशेब मांडला की चित्र बदलते. धान्य सात किलो, डाळी-कडधान्ये जवळजवळ अडीच किलो, फळे पावणेतीन किलो, दाणे-तेलबिया एक किलो. तेल फक्त पाऊण किलो. आणि भाज्या सव्वाअकरा किलो.

शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचण्यासारखे आहेत. चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो तेलाचा डबा संपत असेल, तर तो या हिशेबाने दीडपट आहे. आणि पाव किलो भाजी चौघांत वाटली जात असेल, तर भाजी गरजेच्या मानाने फारच कमी पडते. सव्वाअकरा किलो ऐकून दडपून जायचे कारण नाही. त्यात फोडणीतला आणि कच्चा कांदा येतो, टोमॅटो येतो, काकडी, गाजर, मुळा आणि कोथिंबीरही येते. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचे ढीग लागतात आणि कच्चा कांदा भाकरीसोबत फोडून खाण्याची रीत इथे आहेच. एका जेवणात एक सुकी किंवा पातळ भाजी, एक कोशिंबीर आणि आमटीत घातलेली मूठभर पालेभाजी असा नेम ठेवला की आकडा आवाक्यात येतो. पैशांचा प्रश्न खरा आहे. तेलाचे आणि बेकरीच्या मालाचे वाचलेले पैसे भाजीकडे वळवले तर तो बराच हलका होतो.

सोलापुरात हा आठवडा सोमवारी सुरू करण्यापेक्षा मंगळवारी सुरू करणे सोयीचे, कारण मंगळवारचा बाजार. बेताचा क्रमही बाजारच ठरवतो. पालेभाज्या पहिल्या दोन-तीन दिवसांत संपवायच्या, दोडका-गवार-भेंडी मधल्या दिवसांत आणि भोपळा, कोबी, गाजर शेवटी. त्याआधी, रविवारी किंवा सोमवारी, दोन कामे उरकलेली असावीत. एक म्हणजे दळण. ज्वारीचे पीठ आठ-दहा दिवसांपुरतेच दळावे. जुने झाले की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरते, मग करणारी वैतागते आणि घर पावाकडे वळते. विरी गेलेल्या पिठात उकळीचे पाणी घालून ते मळले तर निभावते, पण ताज्या पिठाची सर येत नाही.

दुसरे काम चटण्यांचे. सोलापूरची शेंगा चटणी सगळ्यांना ठाऊक आहे. मंद भाजलेले, साल पाखडलेले दाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ हे खलबत्त्यात इतके कुटायचे की दाण्यांचे तेल सुटून चटणीचा गोळा होऊ लागतो. वरून तेल न घालता चटणी तेलकट होते, यातच तिची कारागिरी आहे. पण आठवड्याच्या बेतात तिच्या शेजारी जवसाची चटणी हवीच. जवसाच्या दाण्यात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक तेल असते आणि त्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतींतल्या ओमेगा-3 चा. शेंगदाण्यात तो जवळपास नसतोच. मासे न खाणाऱ्या घरात जवसासारखा स्वस्त स्रोत दुसरा नाही. शरीर त्याचे माशातल्या ओमेगा-3 मध्ये रूपांतर थोडेच करते, हे खरे. तरीही एक मोठा चमचा कुटलेल्या जवसातून दीड ग्रॅमच्या आसपास मिळणारा हा अंश सोडून देण्यासारखा नाही. दाणे कढईत तडतडेपर्यंतच भाजावेत, करपू देऊ नयेत, आणि कुटूनच खावेत. अख्खा दाणा पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. चटणी थोडीच करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी, कारण हे तेल लवकर खवट होते. तिसरी कारळ्याची चटणी, हौसेप्रमाणे. तिन्हींत मीठ बेताचे, कारण दिवसभराचे मीठ माणशी पाच ग्रॅमच्या आत ठेवायचे आहे.

पुढचा बेत हिवाळ्यातला धरला आहे, कारण सोलापूरच्या बाजाराला तेव्हा सर्वाधिक बहर असतो. मंगळवारी दुपारी भाकरी, मूगडाळ घातलेली मेथी, गाजर-काकडीची कोशिंबीर, जवसाची चटणी आणि ताक. मेथी जरा कमी परतून, झाकण ठेवून वाफेवर शिजवली तर एका जुडीला दोन चमचे तेल पुरते. रात्री मूगडाळ आणि तांदूळ निम्मेनिम्मे घेऊन पालक, मटार, गाजर घातलेली खिचडी. नेहमीच्या खिचडीत तांदूळ जास्त आणि डाळ नावाला असते. हे प्रमाण बदलणे हा या आठवड्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत परिणामकारक बदल मानता येईल. झोपण्यापूर्वी मटकी भिजत घालावी.

बुधवारचा दिवस अंबाडीचा. मराठी घरात ती अंबाडी, कानडी घरात पुंडी आणि तेलुगू पद्मशाली घरात गोंगुरा. पाला उकडून, पिळून घेऊन तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्यांसोबत शिजवायचा, वर लसणाची फोडणी द्यायची. पाल्याच्या आंबटपणामुळे मीठ कमी लागते. ही एक भाजी धान्य, डाळ आणि पाला तिन्हींचे काम करते, म्हणून सोबत एक भाकरी पुरते. सकाळी मटकी उपसून फडक्यात बांधून ठेवायची. थंडीत मोड यायला पूर्ण दिवस जातो, तर एप्रिलच्या उन्हात तीच मटकी त्याआधीच आंबून जाते, म्हणून उन्हाळ्यात ती दोनदा धुवावी लागते. बुधवारी रात्री उरलेल्या भाज्यांचे सूप करण्यापेक्षा येसर आमटी आणि भाकरी बरी, फक्त वरची तर्री अर्धी.

गुरुवारी मटकीची उसळ, कच्चा कांदा, टोमॅटो, लिंबू. लिंबू केवळ चवीसाठी नसते. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह अंगी लागते. संध्याकाळी डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबालाही 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबातल्या टॅनिनांपासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन नावाचे पदार्थ बनवतात आणि त्यांच्या दाहशामक गुणांवर जगभर अभ्यास सुरू आहे. पण प्रत्येकाच्या आतड्यात ते जिवाणू सारखे नसतात, त्यामुळे सगळ्यांना सारखा लाभ मिळेलच असे नाही. दाणे चावून खावेत. रस काढला की तंतू चोथ्यात राहतात आणि दोन-तीन फळांची साखर एका पेल्यात येते. पेरू मिळत असेल तर तो डाळिंबाइतकाच चांगला आणि खिशाला परवडणारा.

शुक्रवारी दुपारी दोडका किंवा गवार, तीळकूट घालून. रात्री शेंगोळे. हुलग्याचे पीठ आणि थोडे ज्वारीचे पीठ लसूण, जिरे, तिखट घालून घट्ट मळायचे, हातावर वळून वेटोळी करायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. त्या पाण्यालाच पिठाचा दाटपणा येतो आणि वेगळ्या आमटीची गरज उरत नाही. हुलगा हे कोरडवाहू रानातले, कधीकाळी गरिबाचे मानले गेलेले कडधान्य. प्रथिने आणि तंतू दोन्हींत तो महागड्या कडधान्यांच्या तोडीचा आहे आणि या बेतात त्याला आठवड्यातून एकदा तरी मानाची जागा मिळावी.

शनिवारी अनेक घरांत उपास असतो आणि चांगला चाललेला बेत बहुधा इथेच घसरतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात तंतू नाहीत, प्रथिने नावापुरती आणि खिचडीला तेल-तूप सढळ. वरून तळलेली बटाट्याची चकली आणि दोनदा चहा. उपासाच्या दिवशी रक्तातली साखर इतर दिवसांपेक्षा जास्त चढावी, ही खेदाची गोष्ट आहे. भगर आणि दाण्याची आमटी, काकडीची दह्यातली कोशिंबीर, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेले रताळे, एक फळ आणि ताक एवढ्यात उपास पाळलाही जातो आणि ताटाची रचनाही बिघडत नाही. उपास नसेल त्या घरी गरगटा करावा: चाकवत, पालक, शेपू असा उरलेला पाला हरभराडाळीसोबत शिजवून घोटलेला.

रविवारी मांसाहारी घरात मासे. उजनीच्या जलाशयातले रोहू, कटला, चिलापी सोलापूरच्या बाजारात येतात. गोड्या पाण्यातल्या माशांत ओमेगा-3 समुद्रातल्या बांगडा-तारलीइतके नसते, पण मटणाच्या तुलनेत त्यांतली चरबी सौम्य असते. कोकणातून आलेला ताजा बांगडा मिळाला तर तो घ्यावा. तळण्याऐवजी तव्यावर चमचाभर तेलात भाजावा किंवा चिंच घालून कालवण करावे. मटण वर्ज्य नाही. महिन्यातून एक-दोनदा, भाजी-कोशिंबिरीसोबत असावे आणि रस्स्यावर तेलाचा थर नसावा. शाकाहारी घरात रविवारी भरले वांगे. ते तेलात पोहत ठेवण्याची गरज नाही. दाण्याचा कूट, तीळ, खोबरे यांना स्वतःचे तेल असते, त्यामुळे मंद आचेवर झाकणात पाणी ठेवून ते तेवढ्यातच शिजते. सोमवारी भोपळा, कोबी, गाजर आणि उरलीसुरली पाने ज्वारीच्या पिठात घालून धपाटे, सोबत दही. झाला आठवडा.

सकाळचा नाश्ता मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्यात रोज नवे काही करणे कामावर जाणाऱ्या घराला परवडत नाही. तीन पदार्थ आलटून पालटून पुरेत: भरपूर कांदा, मटार आणि दाणे घातलेले पोहे, मुगाचे धिरडे, आणि आदल्या रात्रीची भाकरी दह्यात किंवा ताकात कुस्करून. शिळ्या भाकरीला कमी लेखू नये. शिजून थंड झालेल्या पिष्टाचा काही भाग पचायला जड होतो आणि तंतूंप्रमाणे थेट मोठ्या आतड्यात जातो. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या यंत्रमाग कामगारासाठी ही न्याहारी सोयीचीही आहे. कडक भाकरी तर इथे कैक दिवस टिकते. खारी, टोस्ट आणि नानकटाई मात्र रोजच्या डब्यातून काढून टाकावीत. वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदावर जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, ही मोठी गोष्ट झाली. तरी त्यातला मैदा आणि साखर तशीच आहे.

साखरेचा खरा शिरकाव मिठाईतून नसतो, चहातून असतो. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या या जिल्ह्यात दिवसाला चार कप चहा ही कौतुकाची बाब नाही. कपात दोन छोटे चमचे साखर धरली तर ती चाळीस ग्रॅम झाली. एक चमचा आणि दोन कप एवढ्यावर आले की दहा. गुळाचा चहा घेतल्याने यात फरक पडत नाही; शरीराच्या दृष्टीने गूळ ही साखरच.

तेल कोणते, यापेक्षा किती आणि कितीदा तापवलेले, हे महत्त्वाचे. करडईचे तेल इथले जुने तेल. त्यात लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-6 गटाचे आम्ल सत्तर टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून ते दाह वाढवते, असा धाक घातला जातो. माणसांवरच्या चाचण्यांत तसे सिद्ध झालेले नाही. करडई, शेंगदाणा, तीळ अशी तेले आलटून पालटून वापरावीत आणि जवस खावा, एवढे पुरे. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक ध्रुवीय संयुगे साठतात. ती 25 टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यास अयोग्य ठरते. घरात हे मोजता येत नाही. तेल काळपट, चिकट झाले किंवा लवकर धुरावू लागले की टाकून द्यावे.

हळदीबद्दलच्या अपेक्षा मात्र बेताच्या ठेवाव्यात. तिच्यातला कर्क्युमिन हा घटक वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास असतो. आमटीत पडणाऱ्या पाव चमचा हळदीतून तो वीस-पंचवीस मिलिग्रॅम मिळतो आणि तोही आतड्यातून फार थोडा शोषला जातो. मिरी आणि तेलासोबत जरा अधिक. औषधी चाचण्यांत पाचशे मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त मात्रा वापरल्या जातात. म्हणून रोजची हळद सोडू नये, पण हळदीच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

ऋतू बदलला की ताटाची रचना तीच ठेवून वस्तू बदलायच्या. जानेवारीत भोगीच्या दिवशी तर वेगळा बेत आखावाच लागत नाही. वांगी, गाजर, ओला हरभरा, पावटा, बोरे, तीळ आणि दाणे यांची एकत्र भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. सणाचे जेवण म्हणून वर्षातून एकदा होणारी ही भाजी थंडीत दर पंधरवड्याला करायला हरकत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, पालेभाजी महागते. तेव्हा ज्वारीची आंबील, ताक, काकडी, कांदा-कैरीची कोशिंबीर, दुधी आणि डाळींवर भर द्यावा. पावसाळ्यात शेवग्याचा पाला, घोळ, तांदुळजा आणि दोडका.

या आहाराने काय होईल आणि काय होणार नाही, हेही स्पष्ट असावे. वजन, कंबरेचा घेर, रक्तातली साखर आणि मेद यांवर दोन-तीन महिन्यांत फरक दिसू शकतो. संधिवातात वेदना आणि सकाळचा ताठरपणा काहींना कमी वाटतो. पण संधिवाताची, दम्याची किंवा आतड्यांच्या दाहाची औषधे आहाराच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे आहे, कारण दबलेला आजार उसळला तर सांध्याची झालेली झीज परत भरून येत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने साखर-भात कमी करताना डॉक्टरांना सांगावे, कारण मात्रा कमी करावी लागू शकते. मूत्रपिंडाच्या आजारात डाळी, पालेभाज्या आणि फळे यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजी वर्ज्य करू नये, पण एक दिवस जुडीभर आणि चार दिवस काहीच नाही, असेही करू नये. पाल्यातले के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करते, म्हणून पालेभाजी रोज जवळपास सारखीच खावी आणि हा बेत सुरू केल्यावर रक्ताची पीटी-आयएनआर चाचणी नेहमीपेक्षा लवकर करून घ्यावी.